मिसरूड फुटलेले वडीलधारे

'एल्डर' म्हणजे वडीलधारा. मॉर्मन पंथात ही पदवी नुकते मिसरूड फुटलेल्या प्रचारकालाही मिळते, याची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे. मिच डेव्हिस यांच्या 'दि अदर साइड ऑफ हेवन' (2001) या चित्रपटातला जॉन ग्रोबर्ग असाच. 1950 नंतरच्या दशकात तो अमेरिकेतल्या आयडाहोतून धर्मप्रचारासाठी टोंगा बेटांवर जातो. ग्रोबर्ग यांच्याच आठवणींवर हा चित्रपट बेतला आहे.

त्यात वादळ आहे, उपासमार आहे. मला भिडले ते मात्र रोजचे जगणे. झोपेत उंदरांनी कुरतडलेले तळपाय, दूर राहिलेल्या प्रेयसीला लिहिलेली पत्रे, आणि भाषा येईना म्हणून इंग्रजी व टोंगन बायबल शेजारी ठेवून चालवलेली घोकंपट्टी! आमच्याकडे फादर स्टीफन्स मराठीपुढे असाच विद्यार्थी होऊन बसला असेल, तेव्हा कुठे 1616 साली त्याचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. पण दिग्दर्शकाला या शिकण्यात गोडी नाही. ते झटपट उरकून तो पुन्हा लाटांकडे वळतो.

माझी खरी तक्रार निराळीच आहे. पुढे टोंगाचा राजा झालेल्या पहिल्या जॉर्ज टुपूने 1831 सालीच बाप्तिस्मा घेतला होता. म्हणजे हा मुलगा ख्रिस्त सांगायला निघाला, तो ख्रिस्ती बेटांवर! गावच्या पाद्र्याला त्याचे येणे खुपते, यात नवल ते काय? पण त्या खुपण्यामागे शतकाहून जुनी श्रद्धा आहे, हे समजायला मला इतिहासाचे पुस्तक उघडावे लागले.