उतरायचं कुठे?

परदेशातून परत येणाऱ्या माणसाच्या मराठी गोष्टीत घर आधीपासूनच असतं. आईवडील असतात, देवघर असतं, माळ्यावर ट्रंका असतात. नसतो तो फक्त येणारा. जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ सगळंच्या सगळं या रिकाम्या जागेभोवती उभं आहे. नाना-नानी आहेत, त्यांचं घर आहे आणि अमेरिकेतला मुलगा येत नाही. या विषयावरचं जे जे मी वाचलं, त्यातलं बरंचसं याच घराच्या वेगवेगळ्या खोल्यांत फिरतं. तो येईल का, आला तर टिकेल का, टिकला तर त्याच्या मुलांना मराठी येईल का. प्रश्न खरे आहेत, पण ते उंबऱ्याच्या आतले आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधला बडोद्याचा प्रसंग उंबऱ्याच्या बाहेर सुरू होतो. माणूस आलेला आहे आणि घर नाही.

हे छोटेखानी इंग्रजी लेखन साधारण १९३५-३६मधलं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिका म्हणून १९९०मध्ये छापलं. त्यात काही प्रसंग स्वतःचे आहेत, काही इतरांचे. अस्पृश्यता असते हे परदेशी माणसाला ठाऊक असतं, पण ती शेजारी नसल्यामुळे तिचा जाच त्याला कळत नाही. त्याला तो कळावा म्हणून हे लिहिलंय. शीर्षकात व्हिसा आहे, आतल्या एकाही प्रसंगात व्हिसाचं काम निघत नाही. गोरेगाव, बडोदा, चाळीसगाव, दौलताबाद: सगळा प्रवास देशातल्या देशात.

बडोद्याचा प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो, आणि तीच अडचण आहे. सांगताना आपण थेट अकराव्या दिवसावर उडी मारतो. काठ्या घेऊन आलेले डझनभर पारशी, त्यांचा आरडाओरडा, संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा हुकूम. अपमानाचा पुरावा म्हणून तेवढं पुरतं. पण ते लेखन म्हणून वाचलं तर माझ्या मते त्याचा जीव आधीच्या दहा दिवसांत आहे.

१९१३मध्ये सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेलेला, तिथून लंडनला गेलेला हा तरुण १९१७मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याच्या स्टेशनवर उतरतो. पहिला प्रश्न देशप्रेमाचा नाही, संस्कृतीचाही नाही. कुठे जायचं? आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव परदेशातल्या वर्षांनी पुसून टाकली होती, असं तो लिहितो. ती परत येते ती टांग्यावाल्याला पत्ता काय सांगायचा या प्रश्नातून. हिंदूंच्या विशी बंद. अमेरिकेत ओळख झालेले मित्र गावात आहेत, पण ते दारात कसं वागतील याची खात्री नाही. म्हणून पारशांची धर्मशाळा. तिथला रखवालदार अंगावर सदरा-कस्ती नाही हे ओळखतो आणि तरीही तोड निघते: रोजचा दीड रुपया, आणि वहीत पारशी नाव.

पुढचं वर्णन मी कितीतरी वेळा वाचलंय. वरच्या मजल्यावर लहानशी खोली, लगतची न्हाणी आणि बाकी सगळा मोठा दिवाणखाना अडगळीने भरलेला: फळ्या, बाकं, मोडक्या खुर्च्या. दिवे नाहीत. रखवालदाराने दिलेल्या छोट्या कंदिलाचा उजेड हातभरही पोचत नाही. वटवाघळं फिरतात. अर्थशास्त्राचा हा पदवीधर त्या उजेडात वाचत बसतो. जमेल तितका वेळ बाहेर काढून, फक्त झोपायला तिथे येतो. सामान घेऊन आलेला भाचा मामाची ही दशा बघून इतका रडतो की त्याला परत पाठवावं लागतं. या सगळ्यात कुठे आवाज चढत नाही. एखाद्या हिशेबनिसाने मोजदाद करावी तसं भाडं, अंतर, तास सांगितलेले आहेत. (तो कामाला होताही अकाउंटंट जनरलच्या कचेरीतच.) रडल्याचा उल्लेखही त्याच मोजदादीत येतो.

याच्या शेजारी ‘स्वदेस’ ठेवून बघा. आशुतोष गोवारीकरांचा २००४मधला हा सिनेमा परतीच्या गोष्टींचा आपला सगळ्यात लाडका नमुना. मलाही तो आवडतो, वाईजवळच्या मेणवलीचा घाट त्यात दिसतो म्हणून थोडा जास्तच. त्यात जात आहे, हरिदासची उपाशी गृहस्थी आहे, मोहन भार्गवचं हलून जाणं खरं आहे. पण मोहन गावात येतो तो कॅरॅव्हॅन घेऊन. पलंग, पाणी, संडास, सगळं चाकांवर! पटकथेने ती गाडी गमतीसाठी घेतली असेल, पण तिने एक मोठं काम परस्पर उरकलं: ‘मला आज रात्री कोण ठेवून घेईल?’ हा प्रश्न नायकाला विचारावाच लागत नाही. मग उरतो तो फक्त मनाचा प्रश्न: राहू की जाऊ. आपल्या परतीच्या बहुतेक गोष्टींना अशी एक अदृश्य कॅरॅव्हॅन असते.

हे मी इगतपुरीत बसून लिहितोय. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाला. घाट, धुकं आणि धबधबे दाखवून घरं विकणाऱ्या पाट्या त्याच्या आधीपासून आहेत. त्यातल्या काही उघडच परदेशातल्या मराठी माणसासाठी आहेत. मातीकडे या, असं सांगणाऱ्या. मी नऊ वर्षं लीड्सला होतो. परत आल्यावर मुंबईचं भाडं झेपेना म्हणून इथे जागा बघू लागलो. एजंटाने बजेटच्या आधी पूर्ण नाव विचारलं. मी नुसतं पहिलं नाव सांगितलं, तर म्हणाला, “नाही, आडनाव?” ते ऐकल्यावर म्हणाला, “मग काही अडचण नाही. मालकांना चालतंय.” तासाभरात चावी मिळाली. दुसरं आडनाव सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी त्याला विचारलं. तो हसला आणि पाण्याच्या टाकीविषयी बोलू लागला.

याच रुळांवर पुढे नाशिक, मनमाड ओलांडून चाळीसगाव आहे. सरकारी समितीचे सदस्य म्हणून १९२९मध्ये आंबेडकर धुळ्याहून परतताना तिथे उतरले, आणि एकही टांगेवाला त्यांना बसवून घ्यायला तयार झाला नाही. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला, हाकायला अनुभव नसलेला आपला माणूस बसवला. मोरीवर टांगा उलटला, त्यांच्या पायाला इजा झाली. तेव्हा ते बॅरिस्टर होते. बडोद्यानंतर बारा वर्षांनीही प्रश्न तोच होता, फक्त खोलीच्या जागी टांगा आला होता. पण बडोद्यात नाही असं इथे एक आहे: घ्यायला आलेली माणसं आहेत, आणि त्यांच्या आग्रहातूनच अपघात होतो. त्यांच्यावर रागावताही येत नाही.

बडोद्याच्या शेवटी आणखी दोन दारं ठोठावून होतात. हिंदू मित्र म्हणतो, तू आलास तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्राला बायकोला विचारायचं असतं. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीला वेळ असतो, म्हणून कामाठी बागेत बसणं, आईवडिलांची आठवण. आठ वाजता सामान घ्यायला तो धर्मशाळेत येतो. रखवालदार बाहेर येतो. वहीतल्या खोट्या नावात दोघांचाही हात होता, आणि कुणीच काही बोलत नाही. तो बिल चुकतं करतो, रखवालदार मुकाट्याने पैसे घेतो.