पंढरपूरची देवमंडळी आणि मुका केलेला बुद्ध

दि. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथील विहारात बुद्धमूर्तीची स्थापना करताना परमपूज्य बाबासाहेबांनी पंढरपूरचा विठोबा हा मूळचा बुद्धच होय, असे प्रतिपादन केले व या विषयावर ग्रंथ लिहिण्याचा मनोदय व्यक्त केला. तो ग्रंथ लिहून व्हावयाच्या आत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आपल्याकडील वक्ते व लेखक तेव्हापासून हे विधान वारंवार उच्चारीत आले आहेत. त्याची तपासणी मात्र फारच थोड्यांनी केली. गुरूने सांगितले एवढ्याच कारणासाठी एखादी गोष्ट खरी मानू नये, असे तथागतांनी कालामांना बजावले होते. सबब पंढरपूरच्या मंदिरातच जाऊन तेथे कोण कोण देव कोठे कोठे उभा आहे, हे एकदा पाहू.

पूर्वेच्या महाद्वाराची पहिली पायरी नामदेवाची. तिच्यासमोर, द्वाराबाहेर, चोखोबाची समाधी. आत सभामंडपात गरुड व हनुमान, पुढे सोळखांबी, तेथील चांदीने मढविलेल्या गरुडखांबाला यात्रेकरू कवटाळतात. मग चौखांबी आणि गाभारा. गाभाऱ्यात कमरेवर हात ठेवून, समचरण, विटेवर उभा असलेला विठ्ठल, एका हाती शंख व दुसऱ्या हाती कमळाचा देठ. त्याच्या मस्तकी शिवलिंग आहे, असे परंपरा मानते. रुक्मिणी त्याच्या शेजारी नाही. तिचे देऊळ मागे, वेगळे आहे, आणि सत्यभामा, राही, महालक्ष्मी, व्यंकटेश यांची स्थाने निरनिराळी आहेत. दक्षिणेकडे कान्होपात्रेचे झाड. बाहेर भीमेच्या पात्रात पुंडलिकाचे देऊळ. तेथे प्रत्यक्षात पूजा होते ती शिवलिंगाची, त्यावर पुंडलिकाचा मुखवटा चढविलेला असतो, आणि पूजेचा मान महादेव कोळ्यांकडे आहे.

एवढ्या गर्दीत बुद्ध कोठे? मूर्तिशास्त्राची साक्ष घेतली तर कटीवर दोन्ही हात ठेवलेली बुद्धमूर्ती आपल्या परिचयाची नाही. कार्ल्याला एकवीरेचे देऊळ चैत्यगृहाच्या दाराशीच आहे. लेण्याद्रीचा गणपती तर विहाराच्या पोटातच बसला आहे. त्या दोन्ही ठिकाणी दगडच बोलतो, वाद करावा लागत नाही. पंढरपुरात असा दगड अद्याप दाखविता आलेला नाही. २०२४ मध्ये जीर्णोद्धाराच्या कामात मंदिरात एक तळघर उघडले गेले, तेव्हा विष्णूच्या मूर्ती आणि महिषासुरमर्दिनी निघाली. भाषेची साक्षही सरळ नाही. पुंडरीक म्हणजे कमळ, आणि त्या शब्दाशी पांडुरंगाचे नाते बाबासाहेबांनी जोडले. परंतु पाली वाङ्मयात ‘पंडरंग’ हे नाव येते ते संघाबाहेरच्या परिव्राजकांच्या एका पंथासाठी. दीपवंसात जटिल, निगंठ यांच्याच पंक्तीत ते बसलेले आढळतात. भस्म फासलेल्या, पांढऱ्या अंगाच्या साधूंकडे हा शब्द बोट दाखवितो, आणि मस्तकावरचे लिंग व पुंडलिकाचे देऊळ यांच्याशी ते अधिक जुळते. पशुपालकांच्या दैवतापासून विठ्ठल घडत गेला, ही रा. चिं. ढेरे यांची मांडणी (‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’, १९८४) आपल्यापैकी अनेकांना गैरसोयीची वाटते, ती ओलांडून जाता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

राहिला सर्वांत प्रबळ मानला गेलेला पुरावा, संतवाणीचा. नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्या अभंगांत विठ्ठलाला ‘बौद्ध’ म्हटले आहे. पंचांगांवर व दशावतारांच्या चित्रांत नवव्या जागी कमरेवर हात ठेवलेला विठोबाच काढीत असत. आपले लेखक हा पुरावा मोठ्या आनंदाने मांडतात. माझा आक्षेप नेमका येथे आहे. हे ‘बौद्ध’ विष्णूच्या नवव्या अवताराचे नाव आहे. १९५६ साली नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतील पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार ही गोष्टच खोटी व खोडसाळ ठरविते. ज्या समीकरणाचा आपण शपथपूर्वक त्याग केला, त्याच समीकरणावर विठोबा आपला असल्याचा दावा उभारावयाचा, हे कसे? विठोबा बुद्ध आहे असे संत म्हणत नाहीत. बुद्ध विष्णू आहे असे ते म्हणतात. दोन वाक्यांत शब्द जवळजवळ तेच असले तरी कोणी कोणाला गिळले, हे शब्दांच्या क्रमात दडलेले आहे.

त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, संतांच्या या ‘बौद्ध’ देवाचे मुख्य लक्षण मौन आहे. देव मुका झाला, बोलेनासा झाला, अशी तक्रार अभंगांतून पुन्हा पुन्हा येते. संबोधीनंतर पंचेचाळीस वर्षे गावोगाव चारिका करीत जो बोलत राहिला, ज्याच्या वचनांनी तिपिटक भरले, त्याचे स्मरण लोकांत उरले ते तोंड मिटलेल्या देवाच्या रूपाने! धम्माचा पराभव कसा झाला, याचा याहून बोलका पुरावा मला दुसरा माहीत नाही. विठोबाच्या मूर्तीत बुद्ध सापडो वा न सापडो, त्याचा मुका झालेला आठव तेथे निश्चित सापडतो, आणि संशोधकाचे खरे काम तो आठव लोकांत कसा टिकला, कोणाच्या तोंडून टिकला, हे शोधण्याचे आहे.

मंदिरातील चौऱ्याऐंशीचा शिलालेख या दृष्टीने उद्बोधक आहे. शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३ ते १२७७) या काळातील दानांची ती नोंद; दात्यांत राजा रामचंद्र यादव व हेमाद्री पंडित यांचीही नावे आहेत. यात्रेकरू मात्र चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून त्या दगडाला पाठ घासत आले. वाचावयाचा दगड पाठ घासण्याचा झाला. (आपल्याकडील काही घोषणांचेही असेच होत चालले आहे.)

आता द्वाराबाहेरच्या समाधीविषयी. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून मेला. नामदेवाने त्याची हाडे विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून ओळखली, असे कथा सांगते. म्हणजे हाडांचीही भक्ती देवाला मान्य झाली. जागा मात्र उंबऱ्याच्या पलीकडेच मिळाली. गणिकेची मुलगी कान्होपात्रा आत आहे, शिंपी पायरीला आहे, महार पायरीच्याही खाली. या देवालयाची रचना म्हणजे समाजाचा नकाशाच. १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, तो या नकाशाकडे पाहूनच केला असावा, असे मला वाटते. त्याच्या आदल्या वर्षी, मे १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर दार उघडले होते. १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे हक्क संपुष्टात आणले, जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि पुढे ब्राह्मणेतर व स्त्री पुजारीही नेमले गेले. हे सारे झाले ते विठोबा बुद्ध ठरल्यामुळे नव्हे. मूर्तीचे मूळ कोणतेही निघो, दार कोणासाठी बंद होते या प्रश्नाचे उत्तर त्याने बदलत नाही. आणि धम्मदीक्षा घेतलेल्या माणसाला गाभाऱ्यातल्या देवाकडून नात्याचा दाखला मागण्याची गरजही उरलेली नाही.

बाबासाहेबांचे प्रतिपादन हे संशोधनाचे आवाहन होते. ते पुरे करावयाचे तर पालीचे जाणकार, मोडी व हळे-कन्नड शिलालेख वाचणारे, मूर्तिशास्त्र जाणणारे असे आपले तरुण अभ्यासक पंढरपुरात बसले पाहिजेत, आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो छापण्याची तयारी आपल्या नियतकालिकांनी ठेवली पाहिजे. शके ११५९ (इ. स. १२३७) चा होयसळ राजा सोमेश्वराचा शिलालेख पंढरपुरातलाच आहे. प्रारंभ तेथून करता येईल.