रॉबिनएवढा म्हणजे केवढा?

गेल्या डिसेंबरात, मिरदिफमधल्या आमच्या गल्लीत, समोरच्या व्हिलाच्या कुंपणभिंतीवर एक पक्षी बसला होता. अंग काळपट, पोट विटकरी, आणि शेपटी सारखी थरथरत होती. मी फोन काढला, ‘मर्लिन’ उघडलं. ठिकाण आणि तारीख त्याला माहीत होतीच. मग त्याने विचारलं: आकार केवढा? समोर ओळीने चार सावल्या होत्या. चिमणी, रॉबिन, कावळा, हंसबदक. मी रॉबिनवर बोट ठेवलं. रंग सांगितले, ‘कुंपणावर किंवा तारेवर’ असंही सांगितलं. यादी आली. वरच्या चार-पाच नावांतलं एकही पटेना. तोवर पक्षी उडून गेला होता.

रात्री मिरजेला फोन केला तेव्हा सहज बाबांना सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न तोच, “केवढा होता?” मी म्हटलं, “चिमणीएवढा, थोडा सडपातळ.” “आणि शेपटी हलवत होता? अगं, मग थिरथिरा आहे. हिवाळ्यात आपल्या गच्चीवर यायचा की.”

चूक माझीच होती. पीएचडीची साडेचार वर्षं मी एडिंबरात काढली, आणि तिथला रॉबिन रोज खिडकीशी यायचा. तो जेमतेम १४ सेंटिमीटरचा, म्हणजे चिमणीहूनही लहान. मर्लिन बनवलं अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीने, आणि अमेरिकेतला रॉबिन हा वेगळाच पक्षी आहे, जवळपास आपल्या साळुंकीएवढा. शिवाय भारतात ज्याला इंडियन रॉबिन म्हणतात तो आपला चिरक आणखी तिसराच. तीन देश, तीन रॉबिन. मी दाबला एक, ॲपने ऐकला दुसरा.

एवढ्यावरून ॲपला नावं ठेवायची नाहीत. मर्लिन मी रोज वापरते, आणि ते फुकट आहे हे पोस्टडॉकच्या पगारात विसरता येत नाही. पण या गोष्टीनंतर मी घरातली ओळखीची साधनं जरा वेगळ्या नजरेनं वाचायला लागले. ओळखण्यासाठी आधी काहीतरी ओळखीचं लागतं. ते ओळखीचं काय असावं, हे प्रत्येक पुस्तक आणि प्रत्येक ॲप न सांगता ठरवून टाकतं. म्हणजे त्याच्या मनात वाचकाचं एक घर असतं. मर्लिनच्या मनातलं घर मला आता स्पष्ट दिसतं: मागे हिरवळ, हिरवळीवर रॉबिन, झाडाला टांगलेला दाण्यांचा डबा. ‘पक्षी काय करत होता?’ या प्रश्नाच्या पर्यायांत ‘फीडरवर खात होता’ हाही एक असतो. आमच्याकडे एसीचं पाणी ठिबकतं तिथे ठेवलेलं प्लॅस्टिकचं भांडं आहे. त्यावर येणाऱ्यांसाठी पर्याय नाही.

बाबांचं घर वेगळं. ते आहे सालिम अलींच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’मध्ये. पहिली आवृत्ती १९४१ ची. आमच्याकडची पुष्कळ नंतरची, कणा निखळलेली, मी इकडे येताना बॅगेत घालून आणलेली. या पुस्तकाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट चित्रं नव्हेत (माझ्या प्रतीतली काही तर फार फिकट आहेत), तर त्यातली आकाराची पद्धत. प्रत्येक पक्ष्याचं माप दुसऱ्या पक्ष्यात दिलेलं: चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबुतर, कावळा, घार, गिधाड. त्यापुढे अधिक किंवा उणे चिन्ह. बुलबुल अधिक. कावळा उणे. आता बघा, सेंटिमीटर कुणालाच दिसत नाहीत. शंभर फुटांवरच्या फांदीवरचं काही २३ सेंटिमीटर आहे की २८, हे मी, सांख्यिकीत डॉक्टरेट घेतलेली बाई, सांगू शकत नाही. पण साळुंकीपेक्षा मोठं की लहान हे मिरजेतलं शाळकरी पोरही सांगतं. वाचकाला जे आधीपासून येतं त्यावर हे पुस्तक उभं आहे. ते वाचकाला अडाणी समजत नाही, आणि हे फार कमी पुस्तकांना जमतं.

पण यालाही जुनेपण येतंच. मापातलं शेवटचं नाव गिधाड. १९४१ मध्ये गावाबाहेर ढोर टाकलं की आकाशात गिधाडं जमायची, त्यामुळे गिधाड केवढं हे सांगायची गरज नव्हती. नव्वदच्या दशकापासून भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे मेलेली गुरं खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये स्पष्ट झालं, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर भारतात बंदी आली. मी मिरजेत वाढले आणि मी तिथे एकही गिधाड पाहिलेलं नाही. बाबांच्या पुस्तकातली एक मोजपट्टीच माझ्यासाठी मोडलेली आहे. ‘गिधाडाएवढा’ वाचलं की मी मनातल्या मनात घारीला दुप्पट करते.

तिसरं साधन आहे इथलं खास पुस्तक, सायमन ॲस्पिनॉल आणि रिचर्ड पोर्टर यांचं ‘बर्ड्‌स ऑफ द युनायटेड अरब एमिरेट्‌स’, २०११ चं. चांगलं, नेमकं, पाण्यापाशी आणि वाळवंटात घेऊन जाण्यासारखं पुस्तक. त्याच्या मनातलं घर कुठलं, हे शोधायला मला वेळ लागला. मग कळलं की त्याला घर नाही, गाडी आहे. त्याचा वाचक पहाटे दुर्बीण घेऊन रास अल खोरला रोहित बघायला किंवा अल कुद्राच्या तळ्यांवर निघालेला आहे. गल्लीत त्याला थांबायचं नाहीय. आणि का थांबावं? गल्लीत आहेत साळुंक्या, कावळे, पोपट, पारवे. इथला गंभीर पक्षीनिरीक्षक साळुंकीकडे ज्या नजरेनं बघतो ती मला ओळखीची आहे. मीही पहिली दोन वर्षं तशीच बघत होते.

त्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. साळुंकी इथली नव्हे. पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांपासून ती वाढली. कावळा जहाजांबरोबर आला. लालबुड्या बुलबुल आणि पांढऱ्या कानाचा बुलबुल दोघेही बाहेरचे. मजा म्हणजे इथे या दोघांची एकमेकांशी जोडी जमते आणि मधलीच पिल्लं होतात. ती कुठल्याही चित्राशी जुळत नाहीत. असा एक बुलबुल आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाशी येतो. पुस्तक गप्प बसतं, ॲप फोटो पाहून एकदा हे नाव सांगतं, एकदा ते.

ई-बर्डवर नोंद करायला लागलात की आणखी एक गोष्ट दिसते. बाहेरून आलेल्या जातींच्या नावापुढे एक छोटी खूण असते, आणि त्यांचे प्रकार आहेत. नुकते पिंजऱ्यातून सुटलेले वेगळे, अजून खात्री नसलेले वेगळे, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथेच अंडी घालून टिकलेले वेगळे. या शेवटच्यांना तिथे शब्द आहे ‘नॅचरलाइज्ड’. साळुंकी त्यात बसते. माझा व्हिसा दोन वर्षांचा आहे, आणि तो नोकरीला बांधलेला आहे. पहिल्यांदा तो शब्द वाचला तेव्हा मी एकटीच हसले. मग जरा वेळाने हसू गेलं.

सालिम अलींच्या धर्तीचं पुस्तक कुणी दुबईसाठी लिहायचं ठरवलं तर मोजपट्ट्या कुठल्या घेणार? इथे राहणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे अमिराती आजीला, केरळच्या नर्सला, फिलिपिनो सेल्सगर्लला, मुलतानच्या माळ्याला, विचारून न पाहता ओळखू येणारे पक्षी कुठले? चिमणी, साळुंकी, बुलबुल, पारवा, कावळा. यातले निम्मे बाहेरचे. या शहरातल्या पक्ष्यांची ओळख ज्यांच्या आधाराने सुरू होऊ शकते ते पक्षी यादीत खूण लागलेले आहेत. मला हे फक्त गमतीचं वाटत नाही. इथल्या साधनांवर माझी खरी तक्रार हीच आहे: घराजवळचे पक्षी म्हणजे ओलांडून पुढे जायचं काहीतरी, असं ती शिकवतात.

याचा हिशेबी तोटाही आहे, आणि तो माझ्या विषयातला असल्यामुळे थोडं थांबते. ई-बर्ड नोंद घेताना शेवटी विचारतं: ओळखता आलेले सगळे पक्षी यात लिहिलेत का? हो म्हटलं की ती पूर्ण यादी ठरते, आणि मग जे नाव त्यात नाही ते ‘दिसलं नाही’ असं धरलं जातं. हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्यामुळेच हौशी लोकांच्या नोंदी विज्ञानाला वापरता येतात. ‘नाही’ची नोंद नसेल तर ‘आहे’ला अर्थ उरत नाही. आता मी वीस साळुंक्या बघून, “त्यांचं काय लिहायचं” म्हणत त्या गाळल्या आणि तरी ‘हो’ दाबलं, तर मी खोटा शून्य लिहिला. असे शून्य माझ्या जुन्या नोंदींत भरपूर आहेत. पुढे ते मर्लिनपर्यंतही पोचतं, कारण ‘या जागी, या महिन्यात कुठले पक्षी संभवतात’ हे मर्लिन ई-बर्डच्या नोंदींवरूनच ठरवतं. आपण ज्याला मोजण्यालायक समजतो त्यावर त्याचा अंदाज चालतो.

आवाजावरून ओळखण्याच्या सोयीबद्दल थोडक्यात. मर्लिनमध्ये ती २०२१ मध्ये आली. आवाजाचं चित्र बनवून ते चित्र ओळखायचं, अशी तिची पद्धत आहे. मिरदिफवरून विमानतळाची विमानं जातात, त्या गडगडाटातही ती जांभळा शिंजीर अचूक सांगते. कौतुकच आहे. फक्त ती चालू असली की मी मान वर करत नाही. वर्षभर वापरून मला स्वतःला एकही नवा आवाज पाठ झालेला नाही.

उलट आमच्या सोसायटीचे माळीकाका. मी त्यांना चाचा म्हणते, मुलतानचे आहेत. त्यांना तितराची हाक ऐकू आली की ते पाइप खाली ठेवतात आणि कुठल्या झुडपात, किती जण, हे सांगतात. हुदहुद आला की मला हाक मारतात. हुदहुद हा शब्द त्यांचाही, माझाही आणि पलीकडच्या मशिदीतल्या इमामांचाही, तिघांच्या भाषेत तोच. पण वेड्या राघूवरून आमचं एकमत होत नाही. इथल्याचा गळा आणि कपाळ निळं, शेपटीतली मधली पिसं आखूड. ‘तो आमच्याकडचा नाही,’ असं चाचा पहिल्यापासून सांगत होते, आणि मी २०११ च्या पुस्तकाच्या जोरावर ‘एकच जात आहे’ म्हणत होते. गेल्या काही वर्षांत जागतिक याद्यांनी अरबी वेडा राघू ही वेगळी जात मानली. चाचांना सांगितलं, तर त्यांना त्यात बातमी अशी काही वाटली नाही.

एप्रिलमध्ये बाबा व्हिजिट व्हिसावर आले. एका शुक्रवारी सकाळी त्यांना मुश्रिफ पार्कला नेलं. तिथे घाफचं जुनं रान आहे. घाफ हे या देशाचं राष्ट्रीय झाड. बाबांनी एक डहाळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “ही तर शमी.” खरंच आहे, प्रोसोपिस सिनेरारिया, तेच झाड. मग त्याच झाडात त्यांना काहीतरी दिसलं. चिमणीएवढं, पण चोच जरा बारीक, खांद्यावर तांबूस पट्टा, पंखावर पांढरी रेघ. मान वर केल्यावर गळ्यावर पिवळा ठिपका. मी फोन काढायच्या आत ते म्हणाले, “रानचिमणी.”

रानचिमणी इथे उन्हाळ्यात येते, झाडांच्या ढोलीत घरटं करते आणि हिवाळ्याला भारतात जाते. ही तीच जात, जी लहानपणी मुंबईत छर्‍याच्या बंदुकीने पाडल्यावर सालिम अलींना गळ्यावरच्या पिवळ्या डागाचं नवल वाटलं होतं. त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या ओळखीने तो मुलगा मेलेली चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे गेला. त्यांनी पक्षी ओळखला आणि संग्रहाचे कप्पे उघडून दाखवले. आत्मचरित्राचं नावही त्या चिमणीवरून आहे, ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’. बाबांना हे सगळं पाठ. ते सांगत होते आणि चिमणी शांतपणे फांदी बदलत होती. तिच्या नावापुढे खूण नाही. ती दरवर्षी परत जाते, तरी ती इथली.

बाकावर बसून मी नोंद भरायला घेतली. रानचिमणी दोन, चास एक, होले सात.

“साळुंक्या धरायच्या का?” बाबांनी विचारलं.

“धरायच्या.”

“मग थांब जरा. तिकडे पार्किंगमध्ये अकरा होत्या.”