मनाच्या दाराशी

‘मनाचे श्लोक’ मी समजून वाचले ते पन्नाशी उलटल्यावर. पाठ मात्र आठव्या वर्षीच झाले होते. तिन्हीसांजेला भिंतीशी उभे राहून ते म्हणायचे आणि एक अक्षर चुकले की थप्पड बसायची. मारणारे माणूस घरातलेच होते. त्याचे नाव सांगण्यात आता अर्थ नाही. तो मार पाठांतरापुरता नव्हता आणि एका वर्षाचाही नव्हता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. पुढे कित्येक वर्षे भुजंगप्रयाताची ती चाल कानांवर पडली की माझे खांदे आपोआप आक्रसत. अशा वाचकाने या काव्याविषयी लिहावे काय, असा प्रश्न कोणी केल्यास तो रास्तच म्हटला पाहिजे. माझे उत्तर असे की, मनाला उद्देशून लिहिलेल्या काव्याची कसोटी दुखावलेल्या मनावरही लागली पाहिजे.

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांब या गावी झाला. हे गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात येते. आम्ही त्याच मुलखातले. वडील लहानपणीच वारलेला नारायण बाराव्या वर्षी ‘सावधान’ हा शब्द ऐकून बोहल्यावरून पळाला, ही कथा आम्हांला बाराखडीबरोबरच मिळाली. पितृवियोग आणि पलायन या दोन गोष्टींची सांगड घालून समर्थांच्या मनाचे निदान करून टाकण्याचा मोह आजच्या टीकाकाराला होईल. तो त्याने आवरावा. चारशे वर्षांपूर्वीच्या मुलाची नाडी आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे ते काव्य.

या काव्यात कवी मनाला काय सांगतो, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. तो मनाला हाक कशी मारतो, याकडे तितके लक्ष गेलेले नाही. २०५ श्लोकांपैकी पहिला वंदनाचा. मनाशी बोलणे सुरू होते ते दुसऱ्यात, आणि तेथेच कवी मनाला ‘सज्जन’ म्हणतो. वास्तविक चंचल, विषयलोलुप, आवरता न येणारे अशी मनाची अपकीर्ती आपल्या परंपरेत सर्वत्र आहे, आणि रामदासांना रागावता येत नव्हते असेही नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणे ज्याने वाचली आहेत, त्याला त्यांच्या जिभेचा चटका ठाऊक आहे. स्वतःच्या मनाशी बोलताना मात्र हाच कवी आधी त्याचे चांगुलपण गृहीत धरतो आणि मग सांगायचे ते सांगतो. पुढे धाक येतो, मृत्यूचे भय येते. पण आरंभी दिलेला मान तो काढून घेत नाही.

या मानाचे मोल मला कळले ते मानसशास्त्रामुळे. ॲना फ्रॉइड यांनी १९३६ साली मनाच्या बचावाच्या रीतींवर ग्रंथ लिहिला. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली दाखवून दिले की, एकदाच कोसळलेल्या संकटाची जखम वेगळी आणि जेथून सुटका नाही अशा ठिकाणी वर्षानुवर्षे होत राहिलेल्या छळाची जखम वेगळी. या दुसऱ्या जखमेला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात स्वतंत्र जागा मिळाली. ती आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. स्वतःविषयी खोल गेलेली लाज आणि आपण कवडीमोलाचे आहोत ही भावना, ही तिची ठळक खूण.

माझ्या आजीने रझाकारीचे दिवस काढले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, तरी आजी मरेपर्यंत रात्री तीनतीनदा उठून दाराचा अडसर चाचपून पाही. आम्ही पोरे हसत असू. त्या अडसराने एके काळी घर राखले होते. ती रात्र सरली, हे तिच्या हातांना कोणी सांगितलेच नव्हते. माझ्याही मनाला असा एक अडसर होता. कोणी आवाज चढवला की मी आतून बधिर होई आणि तोंडाने ‘हो, हो’ म्हणत राही. याला मी जन्मभर भित्रेपणा म्हणत आलो आणि त्यासाठी स्वतःला टाकून बोलत आलो. म्हणजे मारणाऱ्याचा हात थांबल्यावर त्याचे काम मीच पुढे चालवले.

अशा वाचकाला अकरावा श्लोक अवघड जातो. त्याच्या पूर्वार्धात कवी विचारतो की, सर्व प्रकारे सुखी असा या जगात कोण आहे, तूच शोधून पाहा. दुःखात आपण एकटे नाही, हा केवढा दिलासा! परंतु उत्तरार्धात तो म्हणतो की, हे भोग तुझ्याच पूर्वसंचिताचे आहेत. मार खाणाऱ्या मुलाला हा उत्तरार्ध आधीच पाठ असतो. माझेच काहीतरी चुकले असणार, असे मानले म्हणजे मारणारा चांगला ठरतो आणि घर सुरक्षित वाटते. सातव्या श्लोकातला सोसण्याचा उपदेशही तसाच. ज्याच्या हाती बळ आहे त्याला तो शोभतो. ज्याला सोसण्यावाचून गत्यंतरच नव्हते, त्याला तो नवे काही शिकवत नाही. समर्थांच्या उपदेशाची ही मर्यादा भक्तिभावाने झाकून ठेवू नये. मनाचा दोष कोणता आणि मनाची जखम कोणती, हा भेद तो करीत नाही.

तरीही हे काव्य माझ्यापुरते टिकले, ते उपदेशामुळे नव्हे, हाकेमुळे. करुणाष्टकांत हेच रामदास अनुतापाने पोळून रामापुढे रडतात. म्हणून मनाला सज्जन म्हणणारा हा माणूस मला वरून बोलणारा वाटत नाही.

रामदासी हे श्लोक म्हणत भिक्षेला दारोदार फिरतात. तो दाराशी उभा राहतो, श्लोक म्हणतो आणि आतल्या माणसाची वाट पाहतो. दार ढकलून आत शिरत नाही. माझ्या मते या काव्याचे खरे रूप तेच आहे. अडसर फोडायचा नसतो. त्यामागे कोणी घाबरून बसले आहे हे ओळखून बाहेरून मानाने हाक घालायची असते.

हल्ली मी तिन्हीसांजेला हे श्लोक पुन्हा म्हणतो, बसून. मधेच एखादा शब्द आठवत नाही, तेव्हा खांदे अजूनही आक्रसतात. मग मी थांबतो, दुसऱ्या श्लोकातली ती हाक स्वतःला घालतो आणि शब्द आठवेपर्यंत वाट पाहतो.