आंधळ्या दुकानदाराचा हिशेब : ‘अल्टिमा 4’ या खेळाविषयी

आज एका जुन्या संगणकीय खेळाबद्दल बोलणार आहे. जुना म्हणजे खराच जुना, 1985 सालचा. ‘अल्टिमा 4 : क्वेस्ट ऑफ द अवतार’. ॲपल 2 या यंत्रावर निघालेला. चित्रं म्हणाल तर भरतकामाच्या टाक्यांसारखी, चौकोन-चौकोन. इथं बसलेल्या तरुण मंडळींना पहिल्या पाच मिनिटांत हसू येईल. येऊ द्या. पण कल्पनारम्य जगात एखादी भूमिका घेऊन फिरायचं, ज्याला आपण रोल-प्लेइंग गेम म्हणतो, त्या प्रकाराची पारख कशी करावी हे मला नीट कळलं ते याच खेळामुळे, म्हणून हा निवडला.

आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन. कर्ता रिचर्ड गॅरियट, अमेरिकेत टेक्ससमध्ये वाढलेला. 1983 चा ‘अल्टिमा 3’ त्यानं स्वतःच्या ओरिजिन या कंपनीतर्फे काढला आणि लोकांची पत्रं पहिल्यांदाच थेट त्याच्या टेबलावर येऊ लागली. तो मुलाखतींतून पुष्कळदा सांगत आलाय की ती पत्रं वाचून तो चपापला. आपण ज्याला जगाचा तारणहार म्हणून पाठवलं, तो वाटेत गावकऱ्यांना मारतोय, दुकानं लुटतोय, आणि शेवटी राक्षसाला मारून वीर ठरतोय! आणि खेळाची त्याला काही हरकत नाही. उलट तसं वागणं फायद्याचं.

मग त्यानं चौथा भाग असा रचला की त्यात शेवटी मारायला खलनायकच नाही. पुन्हा सांगतो, खलनायक नाही. राज्य सुखात आहे. तुमचं काम एवढंच, की चांगलं माणूस व्हायचं. सत्य, प्रेम आणि धैर्य ही तीन तत्त्वं, आणि त्यांच्या मिश्रणातून आठ सद्गुण. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, इभ्रत (मूळ शब्द ‘ऑनर’, मला इभ्रत जवळचा वाटतो), अध्यात्म आणि नम्रता. यात एक गंमत आहे. अध्यात्मात तिन्ही तत्त्वं येतात, तर नम्रतेत एकही नाही. नम्रता म्हणजे शून्य. हे कोणाला सुचलं असेल त्याला माझा नमस्कार.

आणि ध्येयाचं नाव काय, तर ‘अवतार’. शब्द आपला. आपल्याकडे अवतार म्हणजे खाली उतरणं, देवानं माणसांत येणं. इथं उलटं आहे, साधा माणूस चढत चढत अवतार होतो. शब्दाचा अर्थच डोक्यावर उभा केलाय. (तसा आपणही तो शब्द काही फार जपला नाही. पोरगं चिखलात खेळून आलं की आई विचारतेच, ‘काय हा अवतार!’) पडद्यावरच्या आपल्या प्रतिमेला ‘अवतार’ म्हणण्याची जी पद्धत आज सगळीकडे आहे, तिच्या सुरुवातीच्या वापरांत हा खेळ मोडतो. प्रत्येक सद्गुणाचं एक देवस्थान आहे आणि तिथं मंत्र म्हणून ध्यान करायचं असतं. अध्यात्माचा मंत्र ओळखा पाहू? बरोबर, ‘ओम’. नम्रतेचा मात्र ‘लुम’. म्हणजे इकडचं थोडं, बाकी कानाला गोड लागेल ते. खेळाचं चिन्ह तर इजिप्तमधलं, आंख. भेळच आहे सगळी. त्याबद्दल त्याला फार धारेवर धरावंसं मला वाटत नाही, कारण खेळाचा खरा जीव या सजावटीत नाहीच.

मग कशात आहे? सुरुवातच बघा. इतर खेळांत तुम्ही पात्र निवडता, योद्धा हवा की जादूगार. इथं एक भविष्य सांगणारी बाई पत्ते मांडते आणि सात प्रश्न विचारते. न मोजलेली मोहरांची थैली तुमच्याकडे पोचवायला दिलीय. वाटेत भिकारी भेटतो. थैली जशीच्या तशी पोचवायची, की कोणाला कळणारही नाही असं एक नाणं त्याला द्यायचं? दोन्ही उत्तरं चांगली, पण एकच निवडायचं. आठ सद्गुण असे एकमेकांविरुद्ध लावत लावत शेवटी एक उरतो, आणि त्यावरून तुम्ही कोण ते ठरतं. नम्रता उरली तर तुम्ही मेंढपाळ, खेळातलं सगळ्यात दुबळं पात्र, आणि सुरुवात मॅजिन्सिया नावाच्या, गर्वापायी उद्ध्वस्त झालेल्या नगरात. नम्र माणसाला खेळ पहिल्याच पावलाला महाग पडतो. मला हे फार आवडतं. नम्रता स्वस्त नाही असं भाषणात म्हणणं सोपं आहे. इथं ती खेळाडूला सोसावी लागते.

आता माझ्या मते या खेळातली सर्वात मोठी जागा. जादू करायची तर जिन्नस लागतात. लसूण, जिनसेंग, गंधकी राख, कोळ्याचा रेशीमधागा वगैरे. ते विकणारे दुकानदार आंधळे आहेत. ते एकूण रक्कम सांगतात आणि विचारतात, किती देताय? आकडा तुम्ही टाईप करायचा. साठ मोहरा झाल्या असतील तर साठ टाका, नाहीतर एक टाका. एक टाकलीत तरी माल मिळतो. कोणी ओरडत नाही, शिपाई धावत नाही, पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत. तुम्ही बाहेर पडता, आणि आत कुठंतरी, तुम्हाला न दिसणाऱ्या वहीत, प्रामाणिकपणा, न्याय आणि इभ्रत तिन्हींचे गुण एकदम कापले जातात. राजवाड्यात हॉकविंड नावाचा एक द्रष्टा बसलेला असतो. कधीतरी त्याला जाऊन विचारलं की तो शब्दांत सांगतो, बाबा रे, तुझं बरं चाललेलं नाही. आकडा तोही सांगत नाही.

चित्रगुप्ताची वही म्हणा ना. पण चित्रगुप्त आहे हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. 1985 साली हा खेळ घेऊन बसलेल्या पोराला ते ठाऊक नव्हतं. आधीच्या खेळांनी त्याला शिकवलेलं, की दुकानदार म्हणजे लुटायची वस्तू. त्याच सवयीनं त्यानं एक मोहर टाकली, आणि दहा-पंधरा तासांनी त्याला कळलं की कोणीतरी बघत होतं. आणि तेव्हा त्याला आठवतं की आपण फसवलं ते आंधळ्याला. संगणकाच्या खेळानं माणसाला लाजवलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

इथपर्यंत कौतुक. आता तक्रार, आणि ती किरकोळ नाही.

वही एकदा कळली की काय होतं? करुणा वाढवायची तर भिकाऱ्याला पैसे द्या. खेळ रकमेकडे फारसा बघतच नाही. एक नाणं द्या, करुणा वाढली. थोडं फिरून या, परत एक नाणं. त्याग वाढवायचा तर वैद्याकडे जाऊन रक्त द्या, मग विश्रांती घ्या, तब्येत भरून आली की परत द्या. फसवल्याची भरपाईही अशीच होते. आंधळ्याकडून थोडं थोडं सामान विकत घ्यायचं, दर वेळी चोख पैसे मोजायचे, प्रामाणिकपणा परत जागेवर. जाणकार खेळाडू तर आधी भरपूर फसवून कोठार भरून घेतात आणि मग सावकाश संत होतात! (हशा) हसताय, पण हे काही फक्त खेळात होतं असं नाही.

म्हणजे पेच असा आहे. हा खेळ जोवर तुम्हाला समजलेला नाही तोवर तो नीतीचा खेळ आहे. समजला की तो जमाखर्च आहे. पहिल्यांदा भिकाऱ्याला नाणं दिलं तेव्हा ते दान होतं, पाचव्यांदा ती बँकेतली भरणी होते. काही समीक्षक या मुद्द्यावर खेळाला निकालात काढतात, की सद्गुण आकड्यात मोजलाच कसा? मी तसं म्हणणार नाही. संगणकाचा खेळ मोजणारच, त्याला दुसरं काही येत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. आंधळ्याच्या दुकानात चांगलं वागण्याची किंमत आहे, तुमचे एकोणसाठ जादा पैसे जातात आणि ते तुम्हाला खरंच हवे असतात. भिकाऱ्याच्या एका नाण्याला किंमत नाही. गॅरियटनं त्यागालासुद्धा, नाव त्याग असून, भरून येणाऱ्या रक्तावर सोडून दिलं. खेळ जिथं तुमच्याकडून काही हिरावून घेतो तिथं तो उभा राहतो, आणि जिथं सुट्ट्या पैशांत पुण्य विकतो तिथं कोसळतो. एकाच खेळात दोन्ही आहे.

म्हणून हे खेळ पारखताना मी कथा नंतर बघतो. आधी बघतो की हा खेळ मोजतो काय, आणि ते खेळाडूला कितपत दाखवतो. आजच्या बऱ्याच खेळांत चांगुलपणाची पट्टी पडद्यावर असते, संवादाचा पर्याय निवडला की लगेच ‘तुझी कीर्ती वाढली’ अशी पाटी येते. चित्रं शंभरपट देखणी, पण वही काउंटरवर उघडी ठेवलेली. अशा ठिकाणी कोणी चोरी करत नाही, आणि म्हणून कोणी प्रामाणिकही राहत नाही.

गॅरियटला स्वतःला हे जाणवलं असावं, असं मला 1988 चा ‘अल्टिमा 5’ पाहताना वाटतं. त्यात राजा हरवलाय आणि ब्लॅकथॉर्न नावाच्या कारभाऱ्यानं तेच आठ सद्गुण कायदे करून टाकलेत. निम्मी कमाई दानात दिली नाही तर सगळीच जप्त. खोटं बोलणाऱ्याची जीभ जाणार. गुण तेच, शब्दही जवळपास तेच, आणि राज्यात दहशत. चौथ्या भागात ज्या याद्या आपण कौतुकानं पाठ केल्या, त्याच इथं फाशीच्या दोरासारख्या लटकतात. आपल्याच कल्पनेला इतकं कडक उत्तर देणारा लेखक मला या क्षेत्रात दुसरा चटकन आठवत नाही.

कोणाला खेळून बघायचा असेल तर चौथा भाग 2011 पासून कायदेशीररीत्या फुकट मिळतो. शेजारी वही-पेन घेऊन बसा, कारण गावकरी काय म्हणाले ते खेळ तुमच्यासाठी लिहून ठेवत नाही. मंत्र, वाटा, नावं, सगळं तुम्हीच टिपायचं. आणि एक विनंती, सुरू करण्याआधी मार्गदर्शक काही वाचू नका. अर्थात आंधळ्या दुकानदाराचं मी आत्ताच सांगून बसलोय, तेवढी माझी चूक झाली. चला, प्रश्न असतील तर घेऊ.