दोषप्रकटन आणि विनय

धर्मगुरूच्या खासगी आयुष्यातील गैरवर्तन उघड करणे हा धम्मद्रोह आहे काय? बौद्ध जगात हा प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होतो आणि 'संघाची बदनामी होईल' असे म्हणून तो मिटविला जातो. या भूमिकेला पालि विनयाचा आधार आहे काय, हे आम्हांस येथे तपासावयाचे आहे.

त्यासाठी एक पत्र समोर ठेवतो. तिबेटी परंपरेतील आचार्य सोग्याल रिनपोछे यांना त्यांच्या आठ जुन्या शिष्यांनी ते जुलै २०१७ मध्ये लिहिले. मारहाण, मानसिक छळ, लैंगिक शोषण आणि विलासी राहणी असे आरोप त्यात होते. १९९४ मध्येही अमेरिकेत एका स्त्रीने आचार्यांवर दावा दाखल केला होता. तो न्यायालयाबाहेर मिटला. पत्रानंतर महिन्याभरात आचार्य आपल्या रिग्पा या संस्थेतून निवृत्त झाले. संस्थेनेच नेमलेल्या विधिज्ञांचा अहवाल सप्टेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शिष्यांवर गंभीर शारीरिक, लैंगिक व भावनिक अत्याचार झाले आणि काही ज्येष्ठांनी माहिती असूनही दखल घेतली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१९ मध्ये आचार्यांचे निधन झाले.

वज्रयानात गुरूशी 'समय'बंधन असते, म्हणून शिष्याने गुरूचे दोष बोलू नयेत, असा आक्षेप या पत्रावर घेतला गेला. थेरवादी वाचकही कधी कधी पाचित्तिय ९ कडे बोट दाखवितात : भिक्खूचा गंभीर अपराध अनुपसंपन्नाला सांगू नये. परंतु त्याच नियमात 'भिक्खूंची संमती असल्याखेरीज' असा अपवाद आहे, आणि पाचित्तिय ६४ तर गंभीर अपराध जाणूनबुजून झाकणाऱ्या भिक्खूलाच दोषी ठरवितो. म्हणजे विनयाला चव्हाट्यावरील कुजबुज नको आहे. झाकपाकही नको आहे. सोग्याल भिक्खू नव्हते, तेव्हा हे नियम त्यांना अक्षरशः लागू होत नाहीत. त्यांमागील तत्त्व मात्र लागू होते.

अनियत नियमांची निदानकथा याहून बोलकी आहे. विशाखेने उदायी भिक्खूला एका स्त्रीसह एकांतात बसलेले पाहिले. तिने प्रथम त्यालाच समज दिली. त्याने ऐकले नाही, तेव्हा तिने भिक्खूंना सांगितले. विश्वसनीय उपासिकेच्या शब्दावरून भिक्खूची चौकशी व्हावी, असा नियम त्यातून झाला. उपासिकेने संघाची बदनामी केली, असे विनय म्हणत नाही.

देवदत्ताच्या प्रकरणी तर संघाने 'पकासनीय कम्म' केले. देवदत्ताच्या कृत्यांना बुद्ध, धम्म व संघ जबाबदार नाहीत, हे राजगृहात जाहीर करण्याचे काम सारिपुत्तांवर आले. पूर्वी आपणच त्याची स्तुती केली होती, म्हणून ते संकोचले. ती स्तुती जशी सत्य होती तसेच हेही सत्य आहे, या अर्थाचे उत्तर भगवंतांनी दिले. ज्याची आपण थोरवी गाइली त्याचे दोष सांगावे लागणे, हा संकोच आपल्याही ओळखीचा आहे.

दब्ब मल्लपुत्तांची कथा दुसरी बाजू दाखविते. त्यांच्यावरील स्त्रीसंगाचा आरोप द्वेषातून रचलेला निघाला. म्हणूनच दोष दाखविणाऱ्याने योग्य वेळी, सत्य, सौम्यपणे, हितासाठी आणि मैत्रीचित्ताने बोलावे, अशा पाच कसोट्या विनयाने घातल्या.

या कसोट्यांवर आठ शिष्यांचे पत्र बहुतांशी उतरते. ते निनावी नाही. ज्याचे दोष सांगितले त्यालाच ते उद्देशून आहे. एक उणीव मात्र दिसते. विलासी राहणी आणि लैंगिक शोषण ही जणू एकाच तोलाची कलमे असावीत तशी तेथे मांडली आहेत. पाराजिकापासून सेखियापर्यंत अपराधांची प्रतवारी करणारा विनय असे करणार नाही. जेथे दुसऱ्या जीवाला इजा झाली तेथे 'खासगी' हा शब्दच गैरलागू ठरतो, कारण शिष्य शरण येतो तो गुरूच्या पदाला.

भिक्खू हा परिपूर्ण मानव की समाजसेवक, असा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात विचारला आहे. समाजसेवक असेल, तर तो समाजाला उत्तरदायी आहे. आपल्या विहारांत उद्या एखादी उपासिका काही सांगावयास उभी राहिली, तर तिला गप्प बसविण्यापूर्वी विशाखेचे स्मरण करावे, एवढीच आमची विनंती आहे.