पक्षग्रहण आणि मतग्रहण

१९५४ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन वादस्पर्धांसाठी साम्यवादी चीनच्या सरकारला राजनैतिक मान्यता द्यावी की नाही, हा विषय ठरला. रीतीप्रमाणे एकाच संघाने आज अनुकूल तर उद्या प्रतिकूल बाजू मांडावयाची होती. वेस्ट पॉइंट व अ‍ॅनापोलिस येथील सैनिकी प्रबोधिनींनी आपल्या छात्रांस या विषयावर उतरू दिले नाही. यापेक्षा गंभीर आक्षेप १९५७ मध्ये रिचर्ड मर्फी यांनी घेतला. जाहीर भाषण ही जाहीर बांधिलकी होय. तेव्हा न पटलेली बाजू पटल्यासारखी मांडणे अनीतीचे, असे त्यांचे प्रतिपादन.

या आक्षेपात दोन भिन्न भाषाव्यापारांचा संकर झाला आहे. ‘हा प्रस्ताव योग्य आहे’ आणि ‘हा प्रस्ताव योग्य आहे, असा आमचा पक्ष आहे’ या वाक्यांत वक्त्यावर येणारे दायित्व सारखे नाही. वादसभेत दुसऱ्या वाक्यातील ‘असा आमचा पक्ष’ हे पद अध्याहृत असते, आणि श्रोत्यांस ते ठाऊक असते. मग असत्यभाषण कोठे घडले?

खरे वैगुण्य निराळेच आहे. न्यायसूत्रांनी कथेचे वाद, जल्प व वितंडा असे तीन प्रकार मानले. तत्त्वनिर्णयासाठी तो वाद. जयासाठी तो जल्प. (वितंडेत तर स्वपक्षाची स्थापनाच नसते, तिचा येथे विचार नको.) स्पर्धा हा उघड जल्प होय. पण गौतमाने जल्पाला त्याज्य ठरविले नाही. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी कुंपण घालावे, तसा तो तत्त्वाच्या रक्षणासाठी योजावा, असे सांगितले. स्पर्धेत कुंपण उत्तम घातले जाते. आत अंकुर आहे काय, हे मात्र कोणी पाहत नाही.

न्यू इंग्लंडमधील नगरसभांत मतदार प्रत्यक्ष जमून अंदाजपत्रकावर मत देतात. तेथे प्रतिपक्षाचे ऐकून मत बदलता येते, दुरुस्ती सुचविता येते. स्पर्धेच्या गुणपत्रिकेत ‘हा मुद्दा मान्य’ या उद्गाराला जागा नसते. उलट तो पराभवाची कबुली ठरतो. मर्फी यांनी निषिद्ध मानलेली उभयपक्षी मांडणीच त्यातल्या त्यात नागरिकत्वास पोषक म्हणावी लागते, कारण तीमुळे प्रतिपक्षाचे बळ तरी कळते. मात्र ही पक्षांतरे वेळापत्रकाने घडतात, प्रमाणांनी नव्हे. सामन्याअंती प्रत्येक वक्त्याने प्रतिपक्षाचा कोणता मुद्दा अनुत्तरित राहिला ते सांगावे, अशी फेरी जोडता येईल. अडचण परीक्षकाची: ती कबुलीही गुणांसाठीच दिली गेली, तर तिची गणना वादात करावी की जल्पात?